आमच्या शेडमध्ये ‘चलेगा’ बंद

आमच्या स्टोअरच्या कोपऱ्यात अँगलचे आणि चॅनेलचे लोखंडी तुकडे पडलेले असतात. वीतभर, हातभर. कामाचे काडीचे नाहीत, पण फेकायला काढले की कोणीतरी हमखास म्हणतं, "राहू द्या, लागतील." किस्स्यांचंही तसंच. एक राहिला, त्याच्यावर दुसरा येऊन पडला, आणि आता पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, काढावेत एकदाचे बाहेर.

मी सुनंदा. भोपाळला मिसरोदच्या पुढे, मंडीदीपकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की एक पत्र्याची शेड लागते, तिथे स्टोअर सांभाळते. शेडमध्ये चाकांवरची घरं बनतात. म्हणजे बनवायची, असं आमच्या मालवीय सरांनी ठरवलं. सर मूळचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे, आणि उत्तम बनवणारे. एक दिवस त्यांनी मोबाइलवर परदेशातलं एक म्हातारं जोडपं पाहिलं. पिकअपच्या मागे अख्खा संसार जोडून दोघं गावोगाव फिरत होते. ओटा, पलंग, संडास, सगळं आत! याला म्हणे फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणतात. त्या दिवसापासून सरांचं ट्रॉलीत लक्ष लागेना.

"सुनंदा जी, अपन भी बनाएँगे!"

मी म्हटलं, सर, ट्रॉलीत विटा बसतात. विटा तक्रार करत नाहीत. घरात माणसं बसणार. पण माझं तोंड फटकळ, त्यामुळे माझं खरं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. कोणी ऐकलं नाही.

मग सरांना कोणीतरी सांगितलं की बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये भागवत म्हणून एक साहेब आहेत, मोठ्या कारखान्याच्या इन्स्पेक्शनमधून रिटायर झालेले, लोखंडाची त्यांना फार जाण आहे. मी बरखेड्यातच वाढलेली. माझे बाबा नागपूरहून तिथे नोकरीला आले आणि तिथलेच झाले. त्यामुळे काकांची कीर्ती मला पाठ होती. कॉलनीच्या गणपतीत सगळे मूर्तीच्या पाया पडायचे आणि भागवतकाका आधी मखर हलवून बघायचे.

मी सरांना म्हटलं, "विचार करा. हा माणूस काहीच पास करत नाही."

सर म्हणाले, "हमारे यहाँ सब बढ़िया है, पास क्यों नहीं करेंगे?"

बाप्पा!

*

पहिल्या दिवशी काका आले ते स्वतःचा खडू घेऊन. पिवळा. शेडच्या मधोमध पहिल्या ट्रेलरची फ्रेम उभी होती, आमच्या रफीकभाईंनी जोडलेली. रफीकभाई जुन्या भोपाळचे, वेल्डिंगमध्ये केस पांढरे केलेले. ते बाजूला विडी ओढत ऐटीत उभे होते.

काकांनी चष्मा लावला आणि फ्रेमभोवती फिरायला लागले. जिथे दोष दिसेल तिथे पिवळा गोल. कुठे टाका अर्धवट, गोल. कुठे चॅनेल वाकडं, गोल. या ट्रेलरचा पुढचा भाग वर उचललेला असतो आणि पिकअपच्या पाठीवर टेकतो. आम्ही त्याला मान म्हणतो. सगळा ताण त्या मानेवर येतो. तिथे काका पोचले आणि त्यांचा खडू संपला. त्यांनी खिशातून दुसरा काढला.

संध्याकाळपर्यंत फ्रेम वरपासून खालपर्यंत पिवळी! रफीकभाईंनी तिच्याकडे पाहिलं, विडी विझवली आणि भोपाळी ढंगात म्हणाले, "को खां, आपने तो इसकी हल्दी कर दी। अब निकाह किससे पढ़वाओगे?"

काका हसले नाहीत. ते कामाच्या वेळेत हसत नाहीत. म्हणाले, "वरून कितीही सनमायका लावा. खाली हाडं कच्ची असली तर हे घर रस्त्यात कंबरेत मोडेल, आणि आत कोणाची तरी बायको पोळ्या करत असेल."

मग मला म्हणाले, "सुनंदा, हिरवे खडू मागवून ठेव. पास झालेल्याला हिरवी खूण करायची असते." मी लगेच एक पेटी मागवली. पुढचं बरंच काही होऊन गेलं तरी त्या पेटीचं सील तसंच होतं.

रफीकभाईंनी एकदा चहाच्या वेळी विचारलंच. "साहब, सच बताओ, ज़िंदगी में कभी कुछ पास किया भी है?"

काका म्हणाले, "किया नहीं। हुआ हूँ।" आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, एकदम फुलून, "आमचं बघण्याचं एकदाच झालं. एकाच बैठकीत हिच्या घरून होकार! पहिल्या इन्स्पेक्शनला पास झालेला मी एकटा माणूस आहे."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की ‘पहिल्या’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकायचे.

*

‘चलेगा’वर बंदी आली ती रिव्हेटवरून. भिंतीचा पत्रा बसवताना एक रिव्हेट तिरका गेला. मालवीय सर जवळच होते. सहज म्हणाले, "छोड़ो, चलेगा।"

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"मालवीय जी, उस कारखाने में मैंने इसी एक शब्द से लड़ते हुए बाल गँवाए हैं।" काकांना टक्कल आहे, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. "ही गाडी चालणार कशावर? चाकांवर. शब्दावर नाही. आजपासून शेडमध्ये ‘चलेगा’ बंद. मराठीतलं ‘चालेल’पण बंद. जो बोलेल त्याने नाक्यावरून सगळ्यांचे पोहे-जिलबी आणायचे. पायी!"

नाका आमच्यापासून चांगला लांब आहे. पहिल्याच आठवड्यात मालवीय सरांचं वजन उतरलं. सरांची बिचाऱ्यांची सवयच तशी. फोनवर गिऱ्हाईक विचारायचं, "कल आ जाऊँ?" आणि सर म्हणायचे, "हाँ हाँ, चले..." मग समोर काका दिसायचे आणि सर म्हणायचे, "चले आइए!"

रफीकभाई त्याहून हुशार. एकदा म्हणाले, "साहब, ‘चलेगा’ बंद है। ‘चलेगी’ तो चलेगी ना?"

काका विचारात पडले. नियम तर नियम. बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "हं. स्त्रीलिंगी चालतं."

"काका!" मी ओरडले. "चालतं म्हणालात!"

"चालतं म्हणालो. चालेल नाही."

"एकाच घरातले आहेत दोघं!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि छत्री घेऊन नाक्याकडे निघाले. ऊन कडक होतं. आणलेल्या पोह्यात शेव कमी निघाली तर परत जाऊन शेव घेऊन आले. या माणसाला नावं ठेवताना मला नेहमी जरा जड जातं ते यामुळेच.

*

आमच्या शेडमध्ये मराठी, हिंदी आणि भोपाळी एकाच पातेल्यात शिजतात. एरवी काही होत नाही. पण घाबरला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो.

ट्रेलरची मान जॅकवर उचलून ठेवली होती. आत थोडंफार सामान लावून झालेलं, म्हणजे गाद्या, सिंक, शेगडी, कमोड. काका मानेजवळ उभे होते आणि त्यांना दिसलं की जॅक तिरका होतोय. ते ओरडले, "खाली! खाली कर! लवकर!"

जॅकशी रफीकभाई होते. त्यांनी ऐकलं ‘खाली करो’, म्हणजे रिकामं करा. म्हातारा माणूस, पण चपळ! टुणकन आत चढले आणि गादी बाहेर फेकली.

"अरे खाली!" काका.

दुसरी गादी.

"अहो खाली म्हणतोय मी!"

सिंक आलं. शेगडी आली. काकांचा आवाज चढत गेला तसा रफीकभाईंचा वेग वाढत गेला. शेवटी ते कमोड पोटाशी धरून दारात आले तेव्हा काकांना हिंदी आठवली.

"नीचे! जैक नीचे!"

रफीकभाई दारातच थांबले. "तो नीचे बोलते ना खां! मैं तो आधा दहेज बाहर कर चुका!"

आता गंमत अशी की एवढं वजन उतरल्यावर जॅक आपला आपण सावरला होता. मालवीय सर म्हणाले, "भागवत जी, खाली तो दोनों सही निकले।" काकांनी जॅकला पिवळा गोल केला आणि विषय संपवला.

*

फिफ्थ व्हील म्हणजे खरं तर पाचवं चाक नव्हेच. पिकअपच्या पाठीवर लोखंडाचा एक गोल तवा बसवलेला असतो. त्याला खाच असते. पिकअप मागे घेतली की ट्रेलरच्या मानेतली जाड पिन त्या खाचेत जाऊन खट्ट बसते. त्या तव्याला इंग्रजीत पाचवं चाक म्हणतात, एवढंच.

हे मालवीय सरांच्या अम्माजींना कोण सांगणार! ट्रेलरची पूजा करायची ठरली. चाकाखाली लिंबू ठेवतात ना, त्यासाठी अम्माजींनी लिंबं आणली. पाच.

पंडितजींनी चार चाकांखाली चार ठेवली आणि हातात पाचवं घेऊन उभे राहिले. "पाँचवाँ पहिया?"

सर म्हणाले, "पाँचवाँ होता नहीं है।"

अम्माजी म्हणाल्या, "नाम में है कि नहीं?"

"नाम में है।"

"तो नींबू लगेगा।"

आईपुढे मालक काय बोलणार! पंडितजी शेडच्या पिकअपवर चढले आणि लिंबू बरोब्बर तव्याच्या खाचेत ठेवून खाली उतरले. काका तेव्हा ट्रेलरच्या मागच्या बाजूला दिवे तपासत होते. नारळ फुटला, पिकअप मागे आली. खट्ट आवाज यायला हवा होता. पच्च आला!

काका धावत पुढे आले. कुलूप लागेना. त्यांनी खाचेत बोट घातलं, वास घेतला, आणि चेहरा न हलवता म्हणाले, "रिजेक्ट. कारण, लिंबू."

अम्माजींनी मला हळूच विचारलं, "ये हमेशा ऐसे ही हैं?" मी म्हटलं, हो, घरीपण.

*

घरी कसे, ते आम्हाला आधीच, ट्रेलर नुसता सांगाडा असताना, कळलं होतं, प्लायवरून.

ट्रेलरच्या तळाला आणि भिंतीला आतून प्लाय लागतं. एक व्यापारी नमुना घेऊन आला. वॉटरप्रूफ, मरीन, आजीवन, तोंडाला येईल ते बोलत होता. काकांनी तुकडा घेतला. म्हणाले, उकळून बघतो. चांगल्या प्लायचे थर उकळत्या पाण्यात सुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या दारात रिक्षा थांबली. मालतीकाकू उतरल्या. भागवतकाकांची बायको. लहानसर चणीच्या, आवाज मऊ, पदर खोचलेला. दोन्ही हातांत धरलेला प्रेशर कुकर.

काकू सरळ काकांसमोर आल्या आणि कुकर टेबलावर ठेवला.

"हे घ्या तुमचं मटेरियल. आठ शिट्ट्या झाल्यात. शिजलंय."

काकांनी झाकण उघडलं. प्लायचे पापुद्रे सुटून चिरोट्यासारखे वर आलेले होते. व्यापारी तिथेच होता, ऑर्डर घ्यायला आलेला. त्याने कुकरकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि नमुन्यांची पिशवी उचलली.

काका खूश! "बघा, घरी टेस्ट झाली म्हणून सापडलं!"

"आणि सकाळी वरण मी उघड्या पातेल्यात शिजवलं," काकू म्हणाल्या. "सुनंदा, तूच सांग बाई यांना. प्लाय शिजवायला वेळ आहे. घर बघायला नाही. क्वार्टर सोडायची तारीख आली."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा समजलं. रिटायर झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागतं. काकांनी मुदत वाढवून घेतली होती, मग परत वाढवून घेतली होती. आता वाढ बंद. आणि दुसरं घर नव्हतं, कारण काकांनी आजवर एकही घर पास केलेलं नव्हतं.

काकांनी विषय बदलला. "आमचं लग्न मात्र एका बैठकीत ठरलं, काय गं? पहिल्या इन्स्पेक्शनला..."

काकूंनी पदर परत खोचला आणि कुकर घासायला नळावर गेल्या.

*

त्या रविवारी काकूंनी मला सोबत ओढलं. "तू भांडकुदळ आहेस, मला हवीच आहेस," म्हणाल्या. मी ते कौतुक समजून गेले.

पहिलं घर मिसरोदलाच, नवी इमारत. सॅम्पल फ्लॅट. पडदे काय, खोटी फळं काय! काकू ओट्यासमोर उभ्या राहिल्या, खिडकी उघडली, वाऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "छान आहे हो." तेवढ्यात मागून टक टक आवाज आला. काकांनी खिशातून लहान हातोडी काढली होती. भिंतीवर तीन ठिकाणी पोकळ वाजलं. तीन ठिकाणी पिवळा गोल!

विकायला आलेला मुलगा रडायचा बाकी. "अंकल, ये सैंपल फ्लैट है!"

"सैंपल ही तो देखते हैं," काका म्हणाले. "बाकी इससे खराब होगा।"

दुसरं अशोका गार्डनला, रेल्वेलाइनच्या जवळ. घर जुनं, पण जाड भिंतींचं. हातोडी वाजली, पोकळ निघेना. काकूंच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली. मग काकांनी मालकिणीकडे पेलाभर पाणी मागितलं. तिला वाटलं तहान लागली. काकांनी पेला ओट्यावर ठेवला आणि गाडी यायची वाट बघत बसले. मालकीण बसली, काकू बसल्या, मी बसले. गाडी आली. पेल्यातलं पाणी थरथरलं.

"चला," काका म्हणाले.

काकांचा पुण्याचा मुलगा म्हणत होता, इकडे या, माझ्याजवळ राहा. काकांनी त्याच्या फ्लॅटचं इन्स्पेक्शन व्हिडिओ कॉलवर केलं. "बाथरूमच्या भिंतीवर टिचकी मार. कॅमेरा जवळ ने. परत मार." सून शेजारी उभी होती. पुढे काय झालं ते काकूंनी मला सांगितलं नाही. एवढंच कळलं की पुणेही फेल.

परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, "मला राजवाडा नकोय गं. एक ओटा हवा, खिडकी हवी, आणि कोणी ‘खाली करा’ म्हणणार नाही एवढं हवं." काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी ऐकलं. मान वळवली नाही, पण ऐकलं हे मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. मला तेव्हा काकांचा खूप राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. पूर्ण रस्ता! रिक्षावाला म्हणाला, "दीदी, साँस ले लो।"

*

इकडे ट्रेलर तयार झाला. काय झाला होता म्हणून सांगू! फ्रेमला जाडजूड आय-बीम. भिंतींच्या फासळ्या चौकोनी पाइपच्या. छतावर एकसंध रबर, तिथे सांधाच नाही तर गळणार कुठून! प्लाय कुकरमधून पास होऊन आलेलं. काकांनी पिवळे गोल करकरून एकेक टाका रफीकभाईंकडून परत घालून घेतला होता. तरी हिरवी पेटी बंदच. "अजून बघायचंय," म्हणत.

गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं. मोठ्या लग्नांचे मांडव घालणारा माणूस. त्याला आत झुंबर हवं होतं. फ्रेम बघून म्हणाला, "इतना लोहा किसलिए? नीचे का कौन देखता है?"

काका म्हणाले, "रीढ़ की हड्डी भी कोई नहीं देखता। निकाल दूँ?"

त्याने आपली पिकअप आणली. या वेळी लिंबू नव्हतं, त्यामुळे पिन खट्ट बसली. पण मानेचा भार पाठीवर आला आणि पिकअप मागून जी बसली! पुढची चाकं रस्त्याला नावापुरती टेकलेली, दिवे आकाशाकडे. माणूस आत बसला होता, त्याला समोर फक्त ढग दिसत होते.

तो खाली उतरून ओरडला, "ये घर है या पुल?"

"पुल होता तो और मोटा लेता," काका म्हणाले.

तो गेला तो गेलाच. खरं सांगायचं तर त्याचंही अगदीच चूक नव्हतं. त्याची पिकअप नाजूक होती आणि आमचा ट्रेलर काकांच्या स्वभावाचा झाला होता. मालवीय सर बाजेवर डोकं धरून बसले. "भागवत जी, आपने पास नहीं किया, उसने लिया नहीं। अब इसका करूँ क्या?"

काका ट्रेलरच्या मागे जाऊन उभे राहिले. मी चहा द्यायला गेले तर फ्रेमवर हात ठेवून होते. म्हणाले, "सुनंदा, मी जन्मभर सगळ्यांना नापास करत बसलो, आणि हिच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही." असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रिक्षातला सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी कप त्यांच्या हाताशी सरकवला. म्हटलं, "काका, चहा निवतोय."

*

क्वार्टर सोडायचा दिवस आला.

रफीकभाई टेम्पो घेऊन बरखेड्याला गेले. दारावर नोटीस लावलेली होती, ‘खाली करें’. रफीकभाईंनी ती दोनदा वाचली आणि काकांना विचारलं, "साहब, पहले बता दो, कौन वाला खाली?" काका म्हणाले, "तुम्हारा वाला।" मग सामान निघालं. पलंग, ट्रंका, देव, कुकर. तुळशीची कुंडी काकूंनी टेम्पोत ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली.

टेम्पो जाणार कुठे, हे आदल्या रात्रीपर्यंत ठरलेलं नव्हतं. ठरवलं मालवीय सरांनी. म्हणाले, ट्रेलर उभाच आहे. वीज आहे, पाणी आहे, आवार माझं आहे. घर मिळेपर्यंत राहा, आणि नाही मिळालं तरी राहा. काका म्हणाले, "ती बघेल. ती हो म्हणाली तर."

त्या दिवशी सकाळी लवकर, टेम्पो निघायच्या आधी, मी स्टोअर उघडलं तर काका दारात उभे.

"सुनंदा, ती हिरव्या खडूची पेटी आहे का अजून?"

मी सील फोडलं आणि एक खडू काढून दिला. तो त्यांनी मुठीत धरला तो धरलाच.

टेम्पो आला. काकू उतरल्या. कुंडी माझ्या हातात दिली, चपला पायरीशी काढल्या आणि ट्रेलरमध्ये चढल्या. एकट्याच. आम्ही बाहेर. मी, सर, अम्माजी, रफीकभाई, आणि सगळ्यांच्या पुढे काका. निकालाच्या दिवशी शाळेबाहेर पोरं उभी राहतात तसे.

आतून आवाज येत होते. नळ सोडला, बंद केला. कपाट उघडलं. खिडकी सरकवली. पलंगावर बसल्याचा आवाज. मग टक टक. रफीकभाई माझ्या कानात म्हणाले, "ये भी ठोक रई हैं!" काकांनी मूठ आणखी आवळली. मग शेगडीवर कुकर ठेवून बघितल्याचा आवाज. बसला.

काकू दारात आल्या. पदराला हात पुसले. ट्रेलरकडे एकदा वरून खालून पाहिलं आणि म्हणाल्या,

"चालेल."

मालवीय सर सवयीने नाक्याच्या दिशेने दोन पावलं चालूनसुद्धा गेले.

काकांचा चेहरा उतरला. "चालेल म्हणजे काय? पास की फेल, एक काय ते सांग. हा शब्द इथे बंद आहे."

"असेल बंद," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला बघून गेलात ना, त्या दिवशी रात्री बाबांनी विचारलं, मुलगा कसा वाटला? तेव्हाही मी एवढंच म्हटलं होतं."

आणि तुळस माझ्या हातातून घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला.

मालवीय सरांनी मला विचारलं, "क्या बोलीं? क्या बोलीं?" मी त्यांना हातानेच थांबवलं.

काकांनी मूठ उघडली. खडूचा भुगा झाला होता, सगळा तळवा हिरवा. तो त्यांनी रुमालाला नव्हे, पँटला नव्हे, जाता जाता ट्रेलरच्या मानेला पुसला, आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.

"सुनंदा," म्हणाले, "पोहे किती जणांचे आणू?"